खालून विचारलेला प्रश्न

पाटणच्या मुलीची बातमी आल्हादने आणली, आणि तीही पोह्यांवर लिंबू पिळता पिळता.

आल्हाद म्हणजे प्रतिमाताईंचा वरच्या मजल्यावरचा भाडेकरू. मूळचा पुण्याचा. बँकेने त्याला दीड वर्षापूर्वी जबलपूरला धाडलं, आणि तेवढ्याने समाधान झालं नाही म्हणून रोज जवळच्या पाटण गावच्या शाखेत जायला लावलं. रविवारी सकाळी तो, त्याची बायको प्रणोती आणि पाच वर्षांची इरावती असे तिघं खाली येत. जबलपूरच्या गोरखपूर भागातल्या त्या अंगणात थंडीचं ऊन उशिरा पोचायचं, पण पोचलं की दोन तास हलायचं नाही. प्रतिमाताई खाऊ घालत, पोर अंगणभर हुंदडे, आणि मुलगा हैदराबादला गेल्यापासून मुकं पडलेलं घर तेवढ्यापुरतं बोलू लागे.

“आमच्या शाखेत शिपाई आहे ना, त्याची भाची गेली,” आल्हाद म्हणाला. “सात वर्षांची. घसा सुजला म्हणे, आणि चौथ्या दिवशी श्वासच बंद झाला. इकडे काय म्हणतात त्याला... गलघोंटू.”

प्रतिमाताईंच्या हातातला डाव कढईतच थांबला.

“घटसर्प,” त्या म्हणाल्या.

“सर्प म्हणजे साप?” इरावतीने विचारलं. “घशात?”

“गप्प बस, खा,” प्रणोती म्हणाली आणि तिने मुलीला जवळ ओढून घेतलं. जरा जास्तच जोरात ओढलं. ते प्रतिमाताईंनी पाहिलं, आणि सोडून दिलं. आईचा जीव, असं व्हायचंच.

प्रतिमाताईंची सगळी हयात लसी टोचण्यात गेली होती. शहरातल्या एका सरकारी दवाखान्याच्या त्या सुपरवायझर, येत्या मार्चमध्ये निवृत्त व्हायच्या. नोकरीच्या पहिल्याच वर्षी त्यांनी घटसर्पाची दोन पोरं पाहिली होती. एकाचा घसा बंद झाला आणि ते गेलं. दुसऱ्याचा घसा चांगला मोकळा झाला, ते हसायला लागलं, बिस्किटं मागायला लागलं, आणि दहाव्या दिवशी पाणी प्यायला म्हणून खाटेवरून उतरलं ते फरशीवरच राहिलं. विष हृदयापर्यंत पोचलं होतं. पुढे वर्षांमागून वर्षं हा आजार त्यांना फक्त कागदावर भेटला. लोक तर तो विसरूनच गेले होते, आणि आजार विसरलेल्या माणसांना मग लसीचीच भीती वाटू लागली होती. ह्याचा प्रतिमाताईंना मनापासून राग यायचा.

बुधवारी खात्याचा हुकूम आला. घरोघर जा, प्रत्येक पोराचं लसीचं कार्ड तपासा, राहिलेल्यांना टोचा. पद्धत जुनीच, पोलिओच्या दिवसांपासून चालत आलेली. घर पूर्ण झालं की दाराशेजारी खडूने इंग्रजी ‘पी’ आणि तारीख, पोर राहिलेलं असेल तर फुली. फुलीच्या घरी पथक पुन्हा पुन्हा जाणार. ‘पी’च्या घराकडे पुन्हा कुणी ढुंकूनही बघणार नाही.

फुलीची घरं ही प्रतिमाताईंची खासियत होती. जिथे पथकातल्या नव्या पोरींच्या तोंडावर तीनदा दार आपटलं जायचं, तिथे चौथ्यांदा ताईंना धाडत. आणि दवाखान्यातल्या त्या पोरींना त्या शिकवतही. उभ्याने बोलायचं नाही, बसायचं. त्यांच्या घरचं पाणी मागून प्यायचं. ‘काहून नाही टोचलं’ असं विचारायचं नाही, ‘मागच्या वेळी काय झालं होतं’ असं विचारायचं, आणि मग तोंडाला कुलूप लावायचं. आणि एक गोष्ट तर त्यांनी पोरींकडून घोकून घेतली होती, दोघी-तिघींना त्यापायी रडवलंही होतं: प्रश्नातच उत्तर घालून द्यायचं नाही. ‘टीका लगा है ना?’ म्हटलं की समोरची बाई ‘हओ’ म्हणून मोकळी होते. तिची ब्याद टळते आणि तुमचं रजिस्टर भरतं. ‘आखरी टीका कब लगा, कार्ड दिखाओ’ असं विचारा.

गुरुवारी त्या स्वतःच्या गल्लीत होत्या. दुपारचे दोन वाजले होते, सकाळपासून बासष्ट घरं झाली होती आणि गुडघ्यांनी बोलायला सुरुवात केली होती. शेवटचं घर स्वतःचंच. वर जायला एकवीस पायऱ्या. प्रतिमाताईंनी पायऱ्यांकडे पाहिलं आणि फाटकातूनच हाक मारली.

“प्रणोती! इराचं पुण्याला सगळं झालेलं आहे ना गं?”

वर बाल्कनीत प्रणोती कपडे वाळत घालत होती. हातातला फ्रॉक तिने झटकला, दोरीवर टाकला, त्याला चिमटा लावला.

“हो काकू,” ती म्हणाली. “झालंय.”

“अच्छा, चलो,” प्रतिमाताई म्हणाल्या.

कार्डाचा विचार त्यांच्या मनाला शिवला नाही. एम.एस्सी. झालेली मुलगी, नवरा बँकेत, पुण्याची माणसं. आपल्याच माणसांचं कार्ड कुठे बघत बसायचं! खरं सांगायचं तर बघायला मागणं त्यांना ओशाळवाणं वाटलं असतं, जेवायला आलेल्या पाहुण्याचे हात धुतलेत का तपासावेत तसं. त्यांनी फाटकाच्या खांबावर ‘पी’ काढला, खाली तारीख टाकली, आणि रजिस्टरमध्ये इरावतीच्या नावापुढे ‘पूर्ण’ लिहिलं. मग खडू पदराला पुसला आणि जेवायला गेल्या.

*

दहा-बारा दिवसांत आजार पाटणहून शहरात आला. कुणाबरोबर आला ते कुणालाच कळलं नाही, असल्या गोष्टी बसचं तिकीट काढून येत नाहीत. नाल्याकाठच्या वस्तीतली दोन पोरं एकाच दिवशी मोठ्या इस्पितळात गेली. त्यातलं एक दुसऱ्या दिवशी परत आलं, पांढऱ्या कपड्यात.

त्याच वस्तीत सुखबतीचं घर होतं, आणि त्या घराच्या दारावर तीन फुल्या होत्या. एकावर एक, तीन तारखांच्या. सुखबती प्रणोतीकडे वरकामाला यायची. तिची तीन वर्षांची बिट्टी रोज तिच्या बोटाला धरून यायची आणि आईचं काम होईपर्यंत इरावतीशी भातुकली खेळायची. म्हणजे ही बाई प्रतिमाताईंच्या फाटकातून रोज दोनदा जात होती. तरी चौथ्यांदा जायला त्यांना तिच्या वस्तीतच जावं लागलं, कारण दुसऱ्याच्या घरी काम करताना कुणी मनातलं बोलत नाही.

सोमवारी सकाळी त्या गेल्या. वस्ती एरवी गजबजलेली असते, त्या दिवशी बाहेर एक पोर दिसत नव्हतं. दारं लोटलेली. सुखबतीने पोतं अंथरलं. प्रतिमाताई बसल्या, पाणी मागितलं, अर्धा पेला प्यायल्या.

“पिछली बार क्या हुआ था?” त्यांनी विचारलं, आणि गप्प बसल्या.

सुखबती बराच वेळ बिट्टीच्या केसांतली गाठ सोडवत राहिली. मग म्हणाली, मोठ्या मुलाला टोचलं होतं. मांडी पिकली. नऊ दिवस पोरगं तापाने फणफणलं, नऊ दिवस ती कामावर गेली नाही, दोन घरं सुटली. दवाखान्यातल्या बाईला मांडी दाखवली तर बाई म्हणाली, कुछ नहीं होता.

“और दीदी, हुआ था,” सुखबती म्हणाली. “आँख के सामने पक रई थी टाँग, और बे बोल रई थीं कुछ नईं होता.”

“हुआ था,” प्रतिमाताई म्हणाल्या. “सुई में या सफाई में गलती हुई थी. हमारी गलती थी. तुमसे माफ़ी किसी ने नहीं माँगी, मैं माँग रही हूँ.”

सुखबतीने पहिल्यांदा वर पाहिलं. असा क्षण प्रतिमाताई ओळखून होत्या. दाराची कडी निघाल्याचा आवाज जणू त्यांना ऐकू यायचा. आता पाच मिनिटं, फार तर दहा, आणि बिट्टीला टोचून फुल्यांच्या शेजारी ‘पी’. पण सुखबती म्हणाली,

“एक बात पूछें? नाराज़ तो नईं होंगी? आपके ऊपर वाली मैडम ने इरा बिटिया को काए नईं लगवाया?”

“लगवाया है. सब पूरा है.”

सुखबतीने त्यांच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “नईं दीदी. मैडम खुद बोलीं हमसे. दो सुई के बाद बंद कर दिए. इतनी पढ़ी-लिखी हैं, दिन भर मोबाइल पे अंग्रेजी में पढ़ती हैं. बे नईं लगवा रईं तो कुछ तो होगा. और उनके यहाँ तो आपने खुद सही का निशान बना दओ. हमाए यहाँ तीन-तीन फुल्ली.”

वस्तीतल्या बाईला खडूच्या खुणा वाचता येत नाहीत, असं प्रतिमाताईंनी का धरून चाललं होतं कोण जाणे.

“पहले उनको लगाओ, फिर हमें,” सुखबती म्हणाली. “पर अभी तो इरा बिटिया बीमार है. तीन दिन से कुछ निगल नईं रई. नाक से बोल रई है.”

पेल्यात अर्धं पाणी राहिलं होतं. ते तसंच खाली ठेवून प्रतिमाताई उठल्या.

*

काल रविवार होता आणि वरचं कुणी खाली आलं नव्हतं. “जरा सर्दी आहे इराला,” प्रणोतीने वरूनच सांगितलं होतं, आणि प्रतिमाताईंनी वाडग्यात आलेपाक घालून जिन्याच्या पायथ्याशी ठेवला होता. जिन्याच्या पायथ्याशी! वर गेल्या नाहीत. स्कूटर गोरखपूरच्या बाजारातून काढताना त्यांना हे सगळं आठवत होतं आणि संताप मस्तकात चढत होता. हातगाड्या, भाजीवाले, मधेच उभा राहिलेला ऑटो. त्या ओरडल्या, हॉर्न वाजवत राहिल्या, आणि सारा वेळ मनात प्रणोतीला झापत होत्या. एवढी शिकलेली तू. एवढी पुस्तकं वाचलेली तू.

फाटकाच्या खांबावर त्यांचा ‘पी’ होता. पुसून टाकायला पाऊस झाला नव्हता, अक्षर कालच काढल्यासारखं दिसत होतं.

एकवीस पायऱ्या त्यांनी न थांबता चढल्या. प्रणोतीने दार उघडलं, पण अर्धंच, आणि त्या फटीतच उभी राहिली. डोळे सुजलेले, केस न विंचरलेले.

“काहून खोटं बोलली तू माझ्याशी?” प्रतिमाताई धापा टाकत म्हणाल्या.

प्रणोतीचा चेहरा मिटला. तो मिटताना प्रतिमाताईंना दिसला.

“तिला टॉन्सिल्सचा त्रास होतोय,” प्रणोती म्हणाली. “सिरप चालू आहे. संध्याकाळी आल्हाद आला की आम्ही बघू काय ते.” आणि दार लोटू लागली.

आतून एक आवाज येत होता. बारीक शिटीसारखा, थांबून थांबून. आधी प्रतिमाताईंना वाटलं टीव्ही आहे. मग कळलं, तो श्वास आहे.

छत्तीस वर्षांत त्यांनी शिकवलेलं सगळं त्यांनीच अर्ध्या मिनिटात मोडलं होतं. त्या दारात उभ्या होत्या, काहून म्हणून विचारत होत्या, आणि समोरचं दार बंद होत होतं. दार ढकलून आत जाता आलं असतं. घर त्यांचंच होतं. पण ढकलून आत गेल्या असत्या तर पोरगी त्या आईच्या कुशीतून सुटली नसती, आणि ओढाताणीला वेळ नव्हता.

त्या वरच्या पायरीवर बसल्या.

“पाणी दे गं जरा,” त्या म्हणाल्या.

प्रणोती गोंधळली. पण पाणी मागणाऱ्या म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर दार कसं लावणार? ती आत गेली, पेला घेऊन आली. प्रतिमाताई सावकाश प्यायल्या.

“मागच्या वेळी काय झालं होतं?” त्यांनी विचारलं.

आणि मग त्या गप्प बसल्या. आयुष्यात इतकं अवघड काम त्यांनी केलं नव्हतं. आत एकेक श्वास वाजत होता, आणि त्या मोजत होत्या, आणि बोलायचं नव्हतं. बोललं की ही पुन्हा मिटणार. शेजारच्या घरात कुकरची शिटी वाजली. आतला श्वास वाजला. पुन्हा वाजला.

“अडीच महिन्यांची होती,” प्रणोती म्हणाली. ती चौकटीला टेकून खाली बसली. “दुसरं इंजेक्शन. संध्याकाळी ताप चढला आणि मग तिचे डोळे फिरले. अंग ताठ झालं, ओठ निळे. आम्ही रिक्षात बसलो. ट्रॅफिक होतं. चाळीस मिनिटं, काकू. चाळीस मिनिटं मला वाटत होतं की माझ्या मांडीवरचं मूल गेलंय. तिथे पोचेपर्यंत ती शुद्धीवर आली, आणि डॉक्टर हसून म्हणाले, तापाने येते फीट, घाबरायचं नाही, पुढच्या महिन्यात तिसरा डोस. हसून! कुणी एका शब्दाने विचारलं नाही की बाई, तुझं काय झालं.”

“मग?”

“मग पुढचा महिना आला आणि मी गेले नाही. त्याच्या पुढचाही आला. आल्हादला सांगितलं, झालंय. एकदा सांगितलं की पुन्हा पुन्हा तेच सांगावं लागतं.” तिने नाक पुसलं. “तुम्हाला खरं सांगणार होते. पाटणच्या मुलीचं ऐकलं त्या रविवारी पायऱ्यांपर्यंत आलेसुद्धा होते. मग गुरुवारी तुम्ही खालून विचारलंत. झालेलं आहे ना म्हणून. तुम्हाला ‘हो’ हवं होतं काकू. मी दिलं.”

प्रतिमाताईंनी रिकामा पेला खाली ठेवला. ते खरं होतं.

“मी चुकली,” त्या म्हणाल्या. “तुझ्याहून जास्त मी चुकली. मला वर यायला पाहिजे होतं. आता मला तिचा घसा बघू दे. नुसता बघते.”

प्रणोती बाजूला झाली.

इरावती दिवाणावर उशीला टेकून बसली होती. मान दोन्ही बाजूंनी फुगली होती, गळपट्टा बांधावा तशी. खोलीला एक गोडसर कुजका वास होता. छत्तीस वर्षांपूर्वीचा तो वास प्रतिमाताईंना नावानिशी आठवला.

“आज्जी,” पोर म्हणाली. आवाज सगळा नाकातून आला.

“आ कर बेटा.”

चमचा आणि मोबाइलचा उजेड. पडजिभेच्या दोन्ही बाजूंनी राखाडी, जाड, ओल्या कातड्यासारखा पडदा धरला होता. त्याची कड घशात खोल गेली होती, दिसत नव्हती इतकी.

“जखम आहे का?” प्रणोतीने मागून विचारलं.

“घटसर्प आहे,” प्रतिमाताई म्हणाल्या. “ह्याच्या विषावर औषध आहे. ते सुईनेच द्यावं लागतं, आणि आत्ताच. संध्याकाळ नाही.”

“पुन्हा फीट आली तर?” प्रणोतीने पोरीला कवटाळलं. ओठ पांढरे पडले होते. “सांगा ना, काही होणार नाही म्हणून.”

एखाद्या नव्या पोरीने सांगून टाकलं असतं. प्रतिमाताईंच्याही ते जिभेवर आलं होतं.

“होऊ शकतं,” त्या म्हणाल्या. “अंगावर गांधी उठतील, दम लागू शकतो, क्वचित त्याहून वाईट. म्हणून तर आधी थोडंसं देऊन बघतात. डॉक्टर बाजूला असतील आणि मी तिचा हात धरून बसेन, चाळीस मिनिटं नाही, लागेल तितका वेळ. आणि नाही दिलं तर काय होतं ते मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.”

“काय होतं?”

प्रतिमाताईंनी सांगितलं. घसा बंद झालेल्या पोराचं सगळं सांगितलं, काही वगळलं नाही. दुसऱ्या पोराचं, ते जे बरं झालं होतं, त्याचं सांगितलं नाही. एका वेळी एवढं पुरे, असं त्यांना वाटलं.

प्रणोतीने पोरीला उचललं. चपला घालायलाही ती थांबली नाही.

*

इस्पितळात औषध नव्हतं. ते येईपर्यंत चार तास गेले. ह्या चार तासांत आल्हाद पाटणहून आला आणि त्याने बायकोच्या तोंडून खरं ऐकलं. तो भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. एका तरुण डॉक्टरने मोबाइलवरची यादी वर सरकवत विचारलं, ह्या गल्लीत पथक गेलं होतं ना, मग हे घर कसं सुटलं? यादीत तर ‘पूर्ण’ आहे.

“मी लिहिलं,” प्रतिमाताई म्हणाल्या. “न बघता लिहिलं.”

आल्हादने मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. ते पाहणं त्या मरेपर्यंत विसरणार नव्हत्या.

औषध दिलं. गांधी उठल्या, उतरल्या. फीट आली नाही. प्रतिमाताईंनी हात सोडला नाही. तिसऱ्या दिवशी श्वासाची शिटी थांबली, पाचव्या दिवशी मानेची सूज ओसरली, सातव्या दिवशी इरावतीने खिचडी मागितली. आल्हाद पुन्हा बायकोशी बोलू लागला. प्रणोती सगळ्या वॉर्डला फळं वाटत सुटली.

मधे एका सकाळी सुखबती बिट्टीला कडेवर घेऊन दवाखान्यात आली. रांगेत उभी राहिली, काही विचारलं नाही, काही ऐकून घेतलं नाही, नंबर आल्यावर पोरीची बाही वर केली. बिट्टी रडली, गप्प झाली. प्रतिमाताई त्या दिवशी घरी जाताना फाटकाशी थांबल्या आणि ओल्या फडक्याने खांबावरचा ‘पी’ घासून काढला. खडू गेला. चुन्यात त्याचा ओरखडा राहिला.

त्यांनी समाधान मानायला हरकत नव्हती. पण रोज दुपारी इस्पितळात गेल्या की त्या इरावतीचं मनगट हातात घेत, गप्पा मारत मारत, कुणाच्या लक्षात येणार नाही असं. पहिले काही दिवस नाडी ठीक लागली. आठव्या दिवशी एक ठोका चुकल्यासारखा वाटला. नवव्या दिवशी दोन. डॉक्टरांनी हृदयाचा आलेख काढला, कागद उजेडाला धरून बराच वेळ पाहिला, आणि उद्या पुन्हा काढू म्हणाले. आईबापांना सांगितलं, बस, आराम करवाइए, उठने मत दीजिए. चाळीस खाटांच्या वॉर्डात ह्याहून जास्त बोलायला त्यांना उसंत नव्हती. आईबापांनी त्यातला आराम तेवढा ऐकला. प्रतिमाताई सांगू शकत होत्या. रोज इस्पितळाचा जिना चढताना ठरवत, आज सांगते. रोज प्रणोतीचा हसरा चेहरा दिसे आणि तोंडातलं तोंडात राहे. एवढ्या दिवसांनी हसून राहिली बिचारी, उद्या सांगू.

दहाव्या दिवशी त्या गेल्या तेव्हा प्रणोती पिशवी भरत होती. इरावतीचे कपडे, बाहुली, दुधाचा पेला.

“आलात काकू! बघा, ही कशी बसलीये,” ती म्हणाली. “परवा सोडतील बहुतेक. सकाळपासून एकच धोशा, खाली अंगणात जायचंय, बिट्टीला बोलवा. आल्हाद मिठाई आणायला कमानिया गेटला गेलाय. तुमच्या दवाखान्यातल्या सगळ्यांना वाटायचीये.”

खिडकीतून ऊन आलं होतं. इरावती उशीला टेकून बसली होती, खाटेच्या कडेला पाय सोडून, आणि पाय हलवत होती. तोंडावर तेज नव्हतं. ओठांच्या कडा मातकट दिसत होत्या. तिची आई तिला पाहत होती आणि तिला ते दिसत नव्हतं.

प्रतिमाताई शेजारी बसल्या आणि त्यांनी मनगट हातात घेतलं.

“काकू,” प्रणोती पिशवीची चेन ओढत म्हणाली, “आता धोका टळलेला आहे ना?”

तिने हातातलं काम न थांबवता विचारलं. उत्तर तिच्याजवळ होतंच, फक्त कुणीतरी ते मोठ्याने म्हणायला हवं होतं. ‘हो गं’ म्हणायला काहीच लागत नव्हतं. दोन शब्द. त्या बाल्कनीत तिने ते एक चिमटा लावण्याइतक्या वेळात म्हटले होते.

बोटांखाली ठोके पडत होते. एक, दोन, तीन. मग नाही. मग दोन, घाईघाईने, एकमेकांवर पडल्यासारखे. मग पुन्हा नाही.

“नाही,” प्रतिमाताई म्हणाल्या. “पिशवी खाली ठेव प्रणोती, आणि माझ्याजवळ येऊन बस. तुला एक सांगायचं राहिलं आहे. मी ते पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे होतं.”

प्रणोतीचे हात चेनवरच थांबले.

“आज्जी, मी पाणी प्यायला जाऊ?” इरावतीने नाकातल्या आवाजात विचारलं आणि खाटेवरून उतरायला पुढे सरकली.

“नको!” प्रतिमाताई एवढ्या जोरात ओरडल्या की सगळा वॉर्ड वळून बघू लागला. त्यांनी दोन्ही हातांनी पोरीचे गुडघे धरले, पाय उचलून खाटेवर ठेवले, तिला आडवं केलं. “तू उठायचं नाही बेटा. मी देते पाणी. तू हलू नको.”

मग त्यांनी डॉक्टरसाठी हाक मारली. मनगट पुन्हा हातात घेतलं आणि पुढच्या ठोक्याची वाट बघत राहिल्या.